“बाकी कुठे नंबर लागला नाही का?”

आज एका घरगुती कार्यक्रमात आमच्या एका नातेवाइकांनी माझ्या पुतणीला सगळ्यांसमोर विचारलं, “व्यायामाचं कॉलेज? म्हणजे पीटीच्या बाई होणार तू? बाकी कुठे नंबर लागला नाही का?” चारजण हसले. तीही हसली, कारण तिला आता सवय झालीय. मला काही हसू आलं नाही. माणूस वयाने मोठा, घर दुसऱ्याचं, म्हणून तोंड मिटून बसले. आता मी माझ्या घरी आहे आणि फेसबुकची ही भिंतही माझी आहे.

तर पहिली गोष्ट. पीटीच्या बाई झाली तर झाली! त्यात दात काढण्यासारखं काय आहे? कुणाचा पोर्शन राहिला की सगळ्यात आधी ज्यांचा तास पळवला जातो, वर्गातल्या सगळ्यात अवघड पोराला ज्यांच्याकडे पाठवलं जातं, त्या बाई. मला राग त्या सुराचा आला.

दुसरी गोष्ट. नंबर इतर ठिकाणीही लागत होता. तिने हे निवडलं, व्यायामविज्ञान, म्हणजे हालचाल आणि व्यायाम करताना शरीर कसं चालतं याचा अभ्यास. मूल आपल्या डोक्याने काही निवडू शकतं हेच लोकांना झेपत नाही. मार्क कमी पडले म्हणून नाइलाजाने जे मिळतं तेच हे, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मैदानावर रमणारं मूल म्हणजे डोक्याने बेताचं, हा समज आपल्यात इतका मुरलाय की तो समज आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही.

तिसरी गोष्ट जरा लांब आहे. आप्पांच्या पायाची.

इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, माझे सासरे पायरीवरून घसरले आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं. मग आपण सगळे जे करतो ते आम्हीही केलं. आप्पांना हलू दिलं नाही. पाण्याचा पेला हातात, रिमोट हातात, उशीवर उशी. येणारा-जाणारा प्रत्येकजण एकच सांगून जायचा, आराम करा. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हाड छान जुळलंय म्हणाले, आता हळूहळू चाला. आणि आप्पांना खुर्चीतून उठताच येईना. पोटरी अशी झाली होती की मोजा घोट्यावर उतरून बसायचा. हाड परत मिळालं होतं, पाय मात्र नव्हता.

पुतणी तेव्हा नुकतीच पहिल्या वर्षाला गेली होती. सुट्टीत आली, दोन मिनिटं आप्पांची धडपड बघितली, आणि जमिनीवर मांडी घालून त्यांच्या पायांकडे बघत बसली. म्हणाली, “आजोबा, एकदा परत उठायचा प्रयत्न करा, मी हात लावणार नाही.” मला वाटलं, पोरीला दया नाही.

मग ती म्हणाली, “तुमचे पाय फार पुढे आहेत. आणि तुम्ही सरळ वर उठायला बघताय.”

आधी खुर्चीच्या कडेला सरकवलं. पावलं मागे, गुडघ्याच्या थोडी आत घ्यायला लावली. मग म्हणाली, आता वाकून नाक पायाच्या बोटांच्या वर आणा आणि मग उठा. आप्पांनी नाक पुढे नेलं, बूड आपसूक उचललं गेलं, आणि ते उभे राहिले. डुगडुगत, पण खुर्चीच्या हातांना न धरता. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. परत बसले आणि परत उठून बघितलं.

यात जादू काही नव्हती. तिने मला वहीत काढून दाखवलं. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आल्याशिवाय माणूस उभा राहूच शकत नाही. पाय पुढे ठेवून सरळ वर उठायला गेलं तर धडधाकट माणूसही मागेच पडेल. आत्ता हे वाचताय तिथे खुर्चीत पाय लांब करून, पाठ ताठ ठेवून, हात न टेकता उठून बघा. जमणार नाही. तिच्या पहिल्या सत्रातल्या पेपरात हे होतं. आणि आम्ही सगळे मोठे, शिकलेले, त्या म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून वर ओढत होतो!

हे त्या नातेवाइकांचं “व्यायामाचं कॉलेज”.

ती राहिली तेवढ्या दिवसांत तिची पुस्तकं आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. मी कॉमर्सवाली. सायन्सचं पुस्तक दहावीनंतर हातात घेतलं नव्हतं. पण आप्पांचा पाय समोर असल्याने वाचत गेले. व्यायामविज्ञानाची ओळख करून देणाऱ्या त्या एका पेपरात काय काय भरलंय! शरीररचना आहे, २०६ हाडं आहेत. शरीरक्रिया आहे. शाळेत पाठ करून विसरलेले तरफेचे तीन प्रकार आहेत, फक्त इथे टेकू म्हणजे तुमचं कोपर. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर जोडलेला आणि पिशवी मात्र पार तळहातात, म्हणजे पस्तीसेक सेंटिमीटर लांब. ५ किलोची पिशवी कोपर काटकोनात ठेवून धरली तर त्या स्नायूला ४० किलोपेक्षा जास्त ओढावं लागतं. बोरेल्ली नावाच्या इटालियन माणसाने सतराव्या शतकात हे हिशोब मांडले होते. मग मानसशास्त्र आहे, आहार आहे, आणि संख्याशास्त्र आहे, ज्याला ही पोरं सगळ्यात जास्त घाबरतात.

स्नायूत उष्णता कशी तयार होते यावर काम केलेल्या ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९२२ सालचं नोबेल आहे. माणूस जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतो हे शोधायला याच गृहस्थाने पाठीला पिशवी बांधून, त्यात श्वास साठवत, मैदानात गोल गोल धावण्याचे प्रयोग केले. त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल का हो, बाकी कुठे नंबर लागला नाही का म्हणून?

बरं, आरामाबद्दल बोलू. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुण पोरांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. विशीतली, निरोगी पोरं. उठली तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पावपेक्षाही जास्त घसरलेली होती. आणि पुढे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पन्नाशीला आले होते, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने नेलं होतं. मी आत जाऊन आप्पांच्या पाठीमागच्या उशा काढल्या. आप्पा ओरडले. ओरडू दे.

आता कुणीतरी म्हणेलच, की अहो ती पहिल्या वर्षाची पोरगी, ते काम फिजिओथेरपिस्टचं. मान्य. तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काकू, मी फिजिओ नाही, डॉक्टरांना फोन करून विचार किती भार द्यायचा ते. विचारलं. त्यांनी फिजिओही सुचवले, ते आले, चांगले होते. पण आपल्याला कुठवर कळतं हे त्या पोरीला कळतं, आणि आजच्या जेवणाच्या पंगतीत गुडघ्यांवर सल्ले देणाऱ्या एकालाही ते कळत नव्हतं.

राग परत येतोय, थांबा.

आप्पांचा व्यायाम काय होता सांगू? खुर्चीतून उठणं आणि हळू बसणं. बस. “हळू” वर तिचा फार जोर. धपकन बसायचं नाही, मांडीने वजन पेलत खाली यायचं. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या मांड्या भरून आल्या, जिना उतरताना हाय हाय. घरात धावपळ. दीर म्हणाले, पोरीने काहीतरी वाढवून ठेवलं. आप्पांच्या एका मित्रांनी फोनवर निदान केलं, लॅक्टिक ॲसिड साठलंय. पोरगी शांतपणे म्हणाली, “आजोबा, ते तासाभरात निघून जातं. तुमचं दुखणं एका रात्रीनंतरचं आहे.” स्नायू लांबत असताना ताण पेलतो, म्हणजे बसताना, उतार उतरताना, तेव्हा त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, ती एक ते तीन दिवस दुखते आणि भरून येते. शरीर त्यातून शिकतं, पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही. आणि तसंच झालं.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. ती दर आठवड्याला टेपने आप्पांची पोटरी आणि मांडी मोजायची, वहीत लिहायची. सुरुवातीला टेप जागचा हलेना. तेवढंच माप. पण आप्पा मात्र खुर्चीतून सटासट उठायला लागले होते! मी म्हटलं तुझा टेप खोटा आहे. ती म्हणाली, नाही काकू, आधी मज्जासंस्था सुधारते. स्नायू तेवढाच असतो, पण मेंदू त्यातले जास्त धागे एका वेळी कामाला लावायला शिकतो. आकार मागून येतो. आप्पा उठताना पुटपुटायचे, “पाय मागे… नाक पुढे… चला.” तिच्या पुस्तकात तीच पायरी होती. नवं कौशल्य शिकताना माणूस आधी शब्दांत विचार करतो, मग चुका कमी होतात, मग एक दिवस विचारच लागत नाही. एके दिवशी दाराची बेल वाजली आणि आप्पा “आलो” म्हणत उठून गेले. पुटपुटले नाहीत. पुतणी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होती.

आणि वय झालं म्हणून काही होत नाही, असं जे आपण म्हणत असतो ना, त्यावर १९९० चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. शुश्रूषागृहातली दहा माणसं, सरासरी वय ९०. त्यांच्याकडून आठ आठवडे मांड्यांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेही हलकेफुलके नव्हे, चांगले जड. मांड्यांची ताकद सरासरी दुपटीच्याही वर गेली. नव्वदीत! आणि आपण साठीच्या माणसाला म्हणतो, तुम्ही वाकू नका, मी उचलते.

यावरून ते घड्याळ आठवलं. आप्पांना कुणीतरी हौसेने मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिलं होतं. जरा चालले की ते लाल व्हायचं, ठोके जास्त म्हणून. आप्पा घाबरून बसायचे. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. पुतणी म्हणाली की ते सूत्र म्हणजे एक ढोबळ सरासरी आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत सहज दहा-बारा ठोक्यांचा फरक पडतो, कधी त्याहून जास्त. शिवाय आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळीने ठोके मुळातच कमी राहतात, मग ते सूत्र त्यांना लागूच कसं पडणार? तिने त्यांना बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाची श्रमाची पट्टी शिकवली. सहा ते वीस. किती दमायला होतंय ते आपणच सांगायचं. आप्पांचा पहिला प्रश्न, सहापासून का? एकपासून का नाही? तर म्हणे आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे साधारण ठोके येतात, साठ ते दोनशे. आप्पांना हे इतकं आवडलं की आता घरात कुणी काहीही केलं तरी आकडा विचारतात. मी कपड्यांची बादली गच्चीवर नेली की, “किती?” मी म्हणते, “तेरा.”

हा विषय फालतू आहे असं म्हणणारी माणसं दिवसभर याच विषयावर बोलत असतात, हे मला कमाल वाटतं. आज त्याच पंगतीत पोट कसं कमी करायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. रोज अमुक इतके पोटाचे व्यायाम. अहो, ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी जाते असं होत नाही, हे पहिल्या सत्रात शिकवतात! दहा हजार पावलं, पुन्हा त्यावर वाद. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या प्रयोगशाळेतून नाही. चालणं चांगलंच आहे, चाला. पण सात हजार झाली म्हणून रात्री बेडरूममध्ये येरझाऱ्या घालू नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारं काहीतरी. त्या “शिवाय” वर कुणी बोलतच नाही.

आणि त्या रीलवाल्यांबद्दल तर मी लिहायलाच नको. स्वतःचे दंड दाखवून दुसऱ्याच्या मणक्याला सल्ले. त्यांना लाखो लोक मान देतात. जी पोरगी सांगाडा हातात घेऊन स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो ते पाठ करते, तिला मात्र विचारायचं, नंबर लागला नाही का.

हो, नोकरीचं काय हा प्रश्न खोटा नाही. सरळ उत्तर नाही त्याला. पुढे आणखी शिकावं लागतं. कोण फिजिओकडे वळतो, कोण खेळाडूंकडे, कोण शिकवायला, कोण संशोधनाला. आणि हेही खरं की या नावाखाली काही ठिकाणी थातूरमातूर चालतं. झालं बोलून.

पण काय मजा असते बघा या अभ्यासात. तिने एकदा आम्हा सगळ्यांना रात्री जेवताना एक कोडं घातलं. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी. झालं सिद्ध? दीर म्हणाले झालं. आप्पा म्हणाले, “थांब. ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील तर?” पोरीने टाळी दिली. हाच प्रश्न मॉरिसनाही पडला होता आणि त्यांनी पुढे जाऊन गणवेशाच्या पँटींची मापं तपासली! आणि ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. म्हणजे उत्तर एवढं सोपं नव्हतं. मग त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींतली एक दुसरीचं कारण असेलच असं नाही, हे आप्पांना पँटीवरून कळलं. मला माझ्या पदवीच्या तीन वर्षांत संख्याशास्त्राने हे शिकवलं नव्हतं.

आता कॉलेजवाल्यांना दोन शब्द, कारण सगळा राग नातेवाइकांवरच काढणं बरोबर नाही. तिच्या कॉलेजातली ट्रेडमिल कापडाखाली असते. तपासणीला माणसं येणार असली की कापड निघतं. सांधा किती अंशांत वळतो ते मोजायचं गोनिओमीटर नावाचं साधं कोनमापक असतं, ते कपाटात कुलूपबंद. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवून घ्यायला सांगतात. पोरीने सबमिशनला आप्पांचे खरे आकडे लिहिले, आठवड्यागणिक, टेपच्या मापांसकट, तर सर म्हणाले, हे पुस्तकातल्याशी जुळत नाही, बदल. खरा माणूस पुस्तकाशी जुळत नाही! तिने बदलले नाहीत. मार्क गेले. मला त्या मार्कांचा जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या मुलाच्या टक्क्यांचाही नाही, आणि तो हे वाचणार आहे हे मला माहीत आहे.

उड्या मारून ठोके मोजायचा विषय तुम्ही बाकांवर बसवून, डिक्टेशन देऊन शिकवता? हार्वर्डच्या प्रयोगशाळेतून आलेल्या स्टेप टेस्टला वीस इंची बाक, एक घड्याळ आणि पाच मिनिटांची चढ-उतार लागते, मग ठोके मोजायचे. बाक तर तुमच्याकडे आहेत. पोरं त्यावर बसलीच आहेत, त्यांना चढू द्या.

आणि बाकीच्या कॉलेजांनी व्यायामविज्ञानाची ओळख करून देणारा हा पेपर ऐच्छिक म्हणून तरी सगळ्यांना खुला करावा. कॉमर्सवाल्यांना, आर्ट्सवाल्यांना, इंजिनिअरिंगवाल्यांना तर सक्तीने. पाठ धरल्यावर दुकानातून मलम आणण्यापेक्षा आधी ती पाठ कशी चालते हे कुणीतरी एकदा समजावलेलं बरं.

मेसेंजरवर आत्ताच दोघांनी विचारलंय, पुतणी कुठली प्रोटीन पावडर सुचवते. कुठलीही सुचवत नाही. तिला फोन करू नका, तिची सोमवारपासून परीक्षा आहे आणि पहिलाच पेपर संख्याशास्त्राचा आहे.